साखरशाळेतल्या बाईंना

बाई,

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय.

2006-07 चा ऊसतोडीचा हंगाम, आणि कारखान्याजवळ आम्हा ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी भरणारी तुमची साखरशाळा. ऊस एवढा झाला होता की होळी गेली, पाडवा गेला, तरी कारखान्याचा भोंगा थांबेना. एरवी आम्ही बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडची माणसं दिवाळीनंतर निघायचो आणि पाडव्याच्या आगेमागे घरी. त्या साली मे महिना उसाच्या फडातच गेला. बाकीचे शिक्षक निघून गेले, तुम्ही राहिलात.

पहिल्या दिवशी धाकट्याला कडेवर घेऊन मी दारातच थांबले होते. आधीच्या एका शाळेत "पोर सांभाळायचं तर घरी सांभाळ" असं ऐकलेलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्वतःची ओढणी काढून पत्र्याच्या शेडच्या वाशाला झोळी बांधलीत. "हं, ये आता."

चित्र काढा म्हटलं की आम्ही सगळे तेच काढायचो: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला नारळ. तुम्ही वहीवर वाकून विचारलंत, "हे कुठं पाहिलंस?" कुठंच नव्हतं पाहिलं. "मग रोज दिसतं ते काढ." मी पाचटाची कोप, म्हणजे आमची झोपडी काढली, दारात चूल. आणि बैल काढले, पाठीमागून. पहाटे गाडीत पडून फडावर जाताना मला त्यांच्या शेपट्याच तेवढ्या दिसायच्या. डिंक नव्हता, भाताच्या शितांनी तुम्ही ते पत्र्यावर चिकटवलंत.

मग ते नाटक. मी मुकादम, म्हणजे ऊसतोड्यांची टोळी आणणारा, कोळशाच्या मिशा. संवाद पाठ करायच्या आधी तुम्ही आमच्याकडून खरा हिशेब करून घेतलात: किती टन, काय दर, आगाऊ घेतलेल्या उचलीपोटी किती वळते, किती उरते. "तुमची उचल अजून फिटली नाही," असं मी दरडावून म्हटल्यावर सगळी टोळी हसली. खरा मुकादमही हसला, जरा उशिरा. दुसऱ्या दिवसापासून आबा वजनाची पावती माझ्याकडून वाचून घ्यायला लागले. आज पतसंस्थेत हिशेब बघते, त्याची सुरुवात तिथली.

आम्हाला वह्या वाटून फोटो काढणारेही येऊन गेले. वह्या लागतातच, खोटं कशाला बोलू. पण मोळी कशी बांधतात हे आमच्याकडून शिकून घेणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुम्हाला शेवटपर्यंत नीट जमली नाही, ते सोडा.

2009 मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला, 6 ते 14 वयाच्या पोरांसाठी. आता गावाकडे हंगामी वसतिगृहंही असतात. तरी रस्त्यानं जाताना उसाच्या कडेला पोरं दिसतात, आणि मी बसच्या खिडकीतून शेड शोधते.

वळीव आला तेव्हा टोळी उठली. तुम्ही आमची चित्रं गुंडाळून पिशवीत घातलीत, "ट्रकवर भिजतील" म्हणून स्वतःजवळ ठेवलीत. मला वर चढायची घाई होती, आभार मानायचे राहून गेले. ते आज मानते. शेपट्यांचं चित्र असेल, तर तुमच्याकडेच असू द्या.

तुमची,
चौथीतली मुकादम