पाककृतींमध्ये शिजल्याची खूणही द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील सामिष पाककृती मी आवडीने वाचते आणि घरी करूनही पाहते. तव्यावर केलेल्या चिकनच्या तंगड्या त्यांत वरचेवर असतात आणि ते योग्यच आहे, कारण आपल्या बहुतेक घरांत ओव्हन नसला तरी बिडाचा जाड तवा किंवा पसरट कढई असतेच. मात्र या पाककृतींत मसाल्याचे माप पाव चमच्यापर्यंत काटेकोर दिलेले असते आणि शिजवण्याबद्दल ‘दोन्ही बाजूंनी सोनेरी होईपर्यंत परतावे’ एवढेच म्हटलेले असते. तंगडीच्या बाबतीत एवढ्या सूचनेवर भागत नाही, हे आपल्या नजरेस आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तंगडी गोलसर असते आणि तिच्या मधोमध हाड असते. तव्याला एका वेळी तिचा एक अरुंद पट्टाच टेकतो, त्यामुळे मोठ्या आचेवर वरचा मसाला काही मिनिटांत खरपूस होतो, त्यात दही, मध किंवा साखर असेल तर करपूही लागतो, आणि हाडालगतचे मांस तोवर जेमतेम कोमट झालेले असते. फ्रीजरमधून काढून घाईघाईने तव्यावर टाकलेल्या तंगडीत तर ते गारच राहते. त्यातच आपल्या वाटणात हळद आणि काश्मिरी मिरची असल्यामुळे मांसाचा मूळ रंग झाकला जातो. उलट बाजूही सांगायला हवी. बाजारातील ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते, तिची हाडे कोवळी असतात आणि त्यांतील मगजाचा रंग आसपासच्या मांसात उतरतो, विशेषतः चिकन गोठवलेले असेल तर. त्यामुळे पूर्ण शिजलेली तंगडीही हाडाजवळ लालसर दिसू शकते आणि पुष्कळ जण ती कच्ची समजून ताटात बाजूला ठेवतात. थोडक्यात, रंगावरून कच्चेही ओळखता येत नाही आणि शिजलेलेही.

भरवशाची खूण तापमानाचीच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीच्या मांसासाठी आतल्या भागात ७४ अंश सेल्सिअस ही मर्यादा घालून दिली आहे. टोचून पाहण्याचा साधा स्वयंपाकघरातील थर्मामीटर आता काही शे रुपयांत मिळतो. त्याचे टोक तंगडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावे. तंगडीसाठी मी तर ८० ते ८५ अंशांपर्यंत थांबण्याचा आग्रह धरेन. छातीचे मांस तेवढ्या उष्णतेने कोरडे पडते, पण तंगडीत स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे अधिक असतात आणि ते विरघळायला तेवढी उष्णता व वेळ लागतोच. म्हणून तंगडी दहा मिनिटे जास्त शिजली तर बिघडत नाही, उलट अधिक मऊ होते.

तव्यावर हे साधणे मुळीच कठीण नाही. तंगड्यांना हाडापर्यंत दोन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात, मीठ-मसाला लावून त्या फ्रीजमध्ये मुरवाव्यात आणि तव्यावर टाकण्यापूर्वी वरचा ओलसर मसाला थोडा निपटून घ्यावा. मध्यम आचेवर, थोड्या तेलात, दर दोन-तीन मिनिटांनी थोड्या थोड्या वळवत सर्व अंगांनी रंग येऊ द्यावा. मग आच मंद करून दोन-तीन चमचे पाणी शिंपडावे आणि घट्ट झाकण ठेवावे. आपल्या आया-आज्या झाकणाच्या ताटलीत पाणी ठेवून वाफ आणत, ती रीत इथे चपखल बसते: ताटली गार राहते, आतली वाफ तिच्या तळाला थेंब होऊन परत खाली पडते आणि मसाला तव्याला लागत नाही. मध्ये एकदा उलटून अशा वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्याव्यात आणि शेवटी झाकण काढून मोठ्या आचेवर ओलावा आटवावा, म्हणजे खरपूसपणाही परत येतो. निमुळत्या टोकाकडचे मांस आक्रसून वर सरकलेले व हाड उघडे पडलेले दिसते आणि सुरी हाडापर्यंत विनासायास जाते, एवढे थर्मामीटर नसलेल्यांनी तरी तपासावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गुइलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता, हे खरे. परंतु हाच जिवाणू कच्च्या कोंबडीतही आढळतो, म्हणून अर्धवट शिजलेले चिकन खाऊ नये, असे आवाहन त्या वेळी झाले. पूर्ण शिजले हे ओळखायचे कसे, याची माहिती मात्र त्या प्रमाणात लोकांपर्यंत पोहोचली नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. अनेक पाककृतींची सुरुवात ‘चिकन स्वच्छ धुऊन घ्यावे’ अशी असते. वाहत्या नळाखाली धुतल्याने जिवाणू मरत नाहीत. ते तुषारांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी निवडून ठेवलेल्या कोथिंबिरीवर जातात, आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच खातो. धुतल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी निदान पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने धुवावे आणि नंतर सिंक व हात साबणाने स्वच्छ करावेत. कच्चे चिकन कापलेल्या सुरीने व पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये. उरलेला कच्चा मसाला शिजलेल्या तंगड्यांना वरून लावायला काही पाककृतींत सांगितलेले असते, तेही थांबायला हवे.

आपल्याकडे पाककृती पाठवणाऱ्यांना साहित्य आणि कृतीबरोबरच आच, झाकण ठेवण्याचा वेळ आणि शिजल्याची खूण लिहिणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी दोन ओळींची जागा पुरेल.

कळावे,
आपली,
एक वाचक, पुणे