ड्रायरच्या बेल्टचा नंबर पुस्तिकेत का नसावा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी ३१ वर्षं शिवणकाम करते आहे. पायमशीनचा चामडी पट्टा सैल झाला की थोडा कापायचा, तार पुन्हा वळवून जोडायचा आणि कामाला लागायचं. पट्टा तुटला म्हणून मशीन भंगारात गेलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणूनच गेल्या महिन्यात आमच्या कपडे वाळवायच्या ड्रायरचं जे झालं, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी एक खुलासा करते. दोन टबांच्या वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळून काढणारा जो टब असतो त्यालाही आपण ड्रायरच म्हणतो. तो टब खालच्या मोटरला थेट जोडलेला असतो, त्याला बेल्ट नसतो. हे पत्र त्याच्याबद्दल नाही. गरम हवेत ड्रम फिरवून कपडे पूर्ण कोरडे करणारं वेगळं यंत्र असतं, त्याच्याबद्दल आहे.

आमच्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. दिवसाला तीन, कधी चार चादरी बदलाव्या लागतात. ओलसर चादरीवर त्यांना ठेवलं तर पाठीची कातडी लगेच सोलवटते. त्यामुळे ड्रायर बंद पडणं आमच्या घरात साधी अडचण नसते.

त्या रात्री चादरी लावल्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी आतून फट्‌ असा आवाज आला. यंत्र थांबलं नाही. मोटरची घरघर चालूच होती, पण कपडे उलटेपालटे होताना येणारा धप्-धप् आवाज गेला होता. दार उघडलं तर चादरींचा गोळा तळाशी पडलेला. एका बाजूनं चटका बसेल इतका गरम, आत हात घातला तर चिंब ओला. ड्रमला बोट लावलं तर तो भिंगरीसारखा फिरला. एरवी तो हातानं फिरवायला थोडा जोर लागायचा.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गृहस्थ आले. त्यांनी यंत्र चालू करून पाहिलं, कान दिला आणि झाकणाचा एकही स्क्रू न काढता सांगितलं, "ताई, मोटर गेली. मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळणार नाही. नवीनच घ्या." मी विचारलं, मोटर गेली असेल तर मग हे घरघरतंय काय? त्यावर उत्तर आलं नाही. त्यांच्यावर माझा वैयक्तिक राग नाही, त्यांना दिवसात दहा घरं करायची असतील. पण सात वर्षं चाललेल्या यंत्राचा निकाल पाच मिनिटांत आणि न उघडता लागावा, हे मला पटलं नाही. मोटर चालते आणि ड्रम फिरत नाही, याचा अर्थ मधला दुवा तुटला आहे. हे कळायला शिवणाऱ्या बाईला कुणाची गरज नाही.

मात्र एक गोष्ट नंतर कळली ती सांगून ठेवते. काही यंत्रांत बेल्टच्या ताणावर एक छोटा स्विच धरलेला असतो. बेल्ट तुटला की तो स्विच सुटतो आणि मोटर सुरूच होत नाही. अशा यंत्रात घरघरही ऐकू येणार नाही आणि मोटर जळाली असंच वाटेल. तिथे ड्रम हलका फिरतो का, एवढीच खूण उरते.

मी प्लग काढला, यंत्र रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी मुलीला सोबत घेऊन उघडायला बसले. हातमोजे घातले, कारण आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मागचे दोन स्क्रू काढल्यावर वरचं झाकण मागे सरकून निघालं. पुढचा पत्रा काढण्याआधी दाराच्या स्विचला गेलेल्या वायरींचा फोटो काढून ठेवला. प्रत्येक बनावटीची खोलायची वाट वेगळी असते. काहींत बाजूचा पत्रा निघतो, काहींत मागचा. पुढचा पत्रा निघाला की ड्रमचा तिकडचा आधार जातो, म्हणून मुलीनं तो दोन्ही हातांनी तोलून धरला होता. हे काम एकट्यानं करू नये, असं मी अनुभवानं सांगते.

बेल्ट तळाशी पडलेला सापडला. बोटभर रुंद, चपटा, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला लांबीभर बारीक धारा, म्हणजे उंच रेघा. तुटलेल्या टोकाला रबरातून दोरे लोंबत होते. ते पाहून मला सगळा उलगडा झाला. रबर हे वरचं आवरण आहे, ताण धरतो तो आतला दोरा. रबराला भेगा पडल्या, कड उसवली, की दोरे एकेक करून तुटत जातात, आणि शेवटच्या दोऱ्याला सगळा भार सोसत नाही.

इतका बारीक बेल्ट का देतात, हाही प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मोटरच्या पुलीत आहे. ड्रम मिनिटाला सुमारे ५० फेरे घेतो आणि मोटर २,८०० च्या आसपास. म्हणजे वेग पन्नास पटीहून जास्त कमी करायचा, आणि तोही मध्ये एकही दातेरी चाक न घालता. त्यासाठी ड्रम मोठा आणि मोटरची पुली अगदी लहान, बोटाच्या पेराएवढी, ठेवावी लागते. एवढ्या लहान पुलीला वळसा घालायचा तर जाड पट्टा चालणार नाही. मग पकड कुठून आणायची? ती त्या धारांमधून येते, कारण त्या पुलीच्या खाचांत रुतून बसतात. मी हिशेब करून पाहिला. तासभर यंत्र चाललं की ड्रमचे ३,००० फेरे होतात, आणि बेल्टचा प्रत्येक भाग त्या बोटभर पुलीभोवती जवळजवळ २,८०० वेळा दुमडून सरळ होतो. हे एका तासाचं. सात वर्षं असं वाकून तो तुटला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

आता माझ्या तक्रारीच्या मुद्द्यावर येते.

नवा बेल्ट मागवायला त्याचा नंबर हवा. यंत्रासोबत आलेली पुस्तिका मी पानोपान चाळली. कोणते कपडे किती वेळ वाळवावेत, दार कसं लावावं, गाळणी कधी साफ करावी, सगळं आहे. बेल्ट हा शब्दही नाही. झाकणाच्या आत, पत्र्यावर, कुठेही नंबर लिहिलेला नाही. शेवटी तुटलेला बेल्टच ओल्या फडक्यानं हळूहळू पुसला, उजेडात तिरका धरला, तेव्हा गुळगुळीत बाजूवर पुसट छापलेलं दिसलं: १९३० एच ७.

हे वाचायचं कसं ते सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. १९३० ही मिलिमीटरमध्ये लांबी, एच हा धारांचा प्रकार आणि ७ ही धारांची संख्या. मी माझ्या शिवणाच्या टेपनं मापून खात्री केली: १९३ सेंटीमीटर, धारा सात. प्रकाराकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. एच प्रकारात दोन धारांमधलं अंतर १.६ मिलिमीटर असतं, तर ‘जे’ (J) या दुसऱ्या प्रकारात २.३४. म्हणजे सात धारांचा बेल्ट एचमध्ये साधारण ११ मिलिमीटर रुंद आणि जेमध्ये १६. लांबी बरोबर, धारा बरोबर, पण प्रकार चुकला, तर तो पुलीच्या खाचांत बसणारच नाही. माझं नशीब की अक्षर वाचता आलं. ज्या घरात बेल्ट झिजून छपाई पुसली गेली असेल, त्यांनी काय करायचं? नवीन यंत्र घ्यायचं?

बेल्ट आला. तो ड्रमवरून ओढून घेणं सोपं होतं. जुन्या बेल्टनं ड्रमवर एक चकचकीत पट्टा उमटवला होता, त्याच जागी नवा बसवला, धारांची बाजू ड्रमकडे. अवघड होतं ते खालचं. तिथे मोटरच्या पुलीशेजारी स्प्रिंगवर बसवलेली आणखी एक पुली असते, बेल्टला ताण देणारी. पहिल्यांदा मी बेल्ट सरळ मोटरच्या पुलीवर चढवला. हातानं ड्रम फिरवला तर बेल्ट घसरत होता. दोन वेळा काढून घातला. मग मुलगी म्हणाली, "आई, ते दुसरं चाक रिकामंच राहिलंय." बेल्टचं वेटोळं आधी ताणाच्या पुलीखालून घ्यायचं, गुळगुळीत पाठ त्या पुलीला टेकवायची आणि मग धारा मोटरच्या पुलीवर बसवायच्या, हे त्या दोन चाकांकडे अर्धा तास पाहत बसल्यावर कळलं. एक छोटी आकृती असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. बरोबर बसल्यावर हाताला फरक लगेच कळतो: ड्रम पूर्वीसारखा जड लागतो आणि बेल्ट आपल्या जागेवर राहतो. पत्रे लावण्याआधी ड्रम हातानं तीन-चार फेरे फिरवून पाहावा, बेल्टला कुठे पीळ पडला असेल तर तो तेव्हाच दिसतो.

ताणाची ती पुलीही बोटानं फिरवून पाहा. आमचीच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळले गेले होते आणि ती चिरचिरत होती. साफ केल्यावर मोकळी फिरली. ती डुगडुगत असेल तर बेल्टसोबतच बदलावी, नाहीतर नवा बेल्टही लवकर जाईल.

आणखी एक गोष्ट पाहून मी हादरले. दारातली गाळणी मी दर वेळी साफ करते, तरी आत ड्रमभोवती कपड्यांच्या बारीक तंतूंचे थर साचले होते. पत्र्याच्या कडेला, मोटरवर, वाळलेल्या कापसासारखे. दोन ओंजळी निघाले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार तिथे वर्षाला सुमारे २,९०० आगी घरगुती ड्रायरमुळे लागत होत्या, आणि साफसफाई न करणं हे त्यांतलं सर्वांत मोठं कारण, ३४ टक्के, होतं. न उघडता "नवीन घ्या" म्हणणाऱ्या माणसाला हे तंतू दिसले नसते. बेल्ट तुटला म्हणून तरी ते मला दिसले.

सगळ्यांनीच हे काम करावं, असं मी म्हणत नाही. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर गॅसच्या नळीला हात लावू नये. हीट पंपाच्या यंत्रात बंद नळ्यांतून वायू फिरतो, काहींत तो ज्वलनशील प्रोपेन असतो, त्या नळ्या वाकवू-ओढू नयेत. मोटरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. ज्याला भीती वाटते त्यानं जाणकार माणूस बोलवावा. पण बोलावलेल्याला "आधी उघडून बेल्ट पाहा" एवढं सांगता आलं पाहिजे.

उत्पादकांकडे माझी मागणी छोटी आहे. पुस्तिकेत बेल्टचा नंबर छापा, आणि बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो त्याची एक आकृती द्या. तीच झाकणाच्या आत चिकटवा, कारण पुस्तिका हरवते, झाकण हरवत नाही. युरोपीय संघात ड्रायरसाठी १ जुलै २०२५ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यांत सुटे भाग किमान १० वर्षं मिळत राहिले पाहिजेत अशी अट आहे. भाग मिळणं आवश्यकच आहे, पण कोणता भाग मागायचा हेच घरातल्या माणसाला ठाऊक नसेल तर तो दहा वर्षं कोठारात पडून राहील. शिलाई मशीनच्या पुस्तिकेत दोरा कुठून कुठे ओवायचा त्याची आकृती असतेच. ती नसती तर कितीतरी मशीनं पहिल्याच दिवशी परत गेली असती. ड्रायरच्या बेल्टला तेवढा मान मिळायला काय हरकत आहे?

झाकण बंद करण्याआधी मी त्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेननं लिहिलं: १९३० एच ७, धारा आत, आधी ताणाच्या पुलीखालून. खाली तारीख घातली. मुलीनं शेजारी दोन चाकांची आकृती काढली, माझ्यापेक्षा नीटस. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंची चादर बदलली, ती हातात घेतली तेव्हा अजून कोमट होती.

आपली नम्र,
एक शिवणकाम करणारी वाचक