वसई किल्ल्यातली थडगी आणि मंत्रीसाहेबांना एक विनंती

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री यांस,
नमस्कार साहेब.

मी वसईचा, घरात कादोडी बोली बोलणारा कॅथलिक. दर 2 नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, आम्ही गावच्या चर्चच्या दफनभूमीत जातो, मेणबत्त्या लावतो, आजोबांच्या क्रूसाला फुलं घालतो. यावेळी तिथून निघून मुलीला किल्ला दाखवायला नेलं.

तिथल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या जुन्या पोर्तुगीज चर्चमध्ये शिरलो, छप्पर कधीचंच गेलंय आणि पायाखाली बघावं तिकडे थडग्यांचे दगड, एका दगडावर प्री-वेडिंगवाल्यांचा ट्रायपॉड आणि नवरी लेहंगा सावरत गोल गोल फिरतेय. मुलगी म्हणाली, पप्पा, आपण कोणाच्या अंगावर उभे आहोत? मी बाटलीतलं पाणी ओतून, रुमालाने माती काढून बघितलं तर 'सेपुल्तुरा' असं काहीतरी दिसलं, पोर्तुगीजमध्ये म्हणजे कबर, मोबाईलवर शोधलं. नाव पार झिजलेलं. शेवटचा शब्द मात्र लागला, त्याचा अर्थ वारस. म्हणजे हे थडगं त्या माणसाचं आणि त्याच्या वारसांचं!

वारस कुठे राहिले म्हणा. 1534 ला पोर्तुगीजांकडे आलेली वसई 1739 ला चिमाजी अप्पांनी जिंकली, चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, अजून मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण तेच नाव ठेवतो. हे दगड मात्र दर पावसाळ्यात भिजत इथेच पडलेत.

कोणी म्हणेल पोर्तुगीजांचं एवढं काय कौतुक. कौतुक नाहीये हो, त्यांच्या राज्यात आमच्या पूर्वजांचं काय काय झालं तो हिशोब वेगळाच आहे, पण मेलेल्या माणसावर बूट घालून नाचायचं नसतं एवढं आजीने शिकवलंय.

किल्ला केंद्राच्या संरक्षित यादीत आहे, म्हणून तुम्हालाच लिहितोय. फार खर्चाचं काम नाही. प्रत्येक दगडाचा नीट फोटो काढा, इतिहासाचे अभ्यासक डॉ. गर्सन दा कुन्हा यांनी 1876 च्या वसई-चौलवरच्या पुस्तकात इथले लेख उतरवून ठेवलेत त्याच्याशी ताडून बघा, चालायला बाजूने वाट करून दोरी बांधा आणि कोण पुरलंय ते मराठीत लिहिलेला बोर्ड लावा, शूटिंगवाल्यांना किल्ल्यात बाकी जागा काय कमी आहे?

जूनमध्ये शेवाळ चढलं की काहीच वाचता येणार नाही, त्याआधी एखादा जाणकार माणूस पाठवा. पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन मी येतो.

आपला,
एक वसईकर