ट्रक अडवल्याबद्दल थँक्यू मॅडम

मॅडम, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचलंत तर कळेलच. पुराच्या तिसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांनी भरलेला ट्रक घेऊन आलेला आणि तुमच्या टेबलासमोर आवाज चढवणारा तो माणूस मीच.

तेव्हा जाम राग आला होता, खरं सांगतो. रात्रभर गाडी चालवून आलो, लोकांनी मनापासून दिलेलं सामान, आणि सरकारी बाई म्हणतायत कपडे नकोत! तुम्ही वाद घातलाच नाही, खुर्ची दिलीत आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवलात. साधी एक्सेल शीट, कोण काय कुठे करतंय एवढंच. हायवेलगतच्या गावांसमोर सहा-सहा संस्थांची नावं, आणि पूल वाहून गेला त्याच्या पलीकडच्या वस्त्यांसमोर रकाने कोरे. "गोडाऊन कपड्यांनी भरलंय, क्लोरीनच्या गोळ्या ठेवायला जागा नाही. बोट मी देते, तुमची पोरं पलीकडे जातील का?" बस, एवढंच विचारलंत.

गेलो की मग. माणशी रोज 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, 20 जणांमागे एक संडास, हे स्फिअरचे, म्हणजे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांचे, आकडे आम्ही ट्रेनिंगमध्ये पाठ केलेले, पण शाळेतल्या कॅम्पमध्ये टेप घेऊन मोजायला लावलंत तुम्ही. आणि संडास पुरेसे निघाले तरी आमच्या टीममधल्या मुलीने संध्याकाळच्या मीटिंगला सांगितलं की बायका दुपारनंतर पाणीच पीत नाहीयेत, कारण संडासाला आतून कडी नाही आणि रात्री तिथे मिट्ट काळोख असतो. आकड्यात हे कुठे दिसणार? तुम्ही तिथल्या तिथे फोन लावलात, दुसऱ्या दिवशी कड्या आणि दिवे दोन्ही लागले. दुसऱ्या एका ऑफिसात आम्हाला नुसत्या परवानगीच्या पत्रासाठी दोन दिवस बसवलं होतं, त्यामुळे हे बघून मी गारच पडलो.

मीटिंगही वीस मिनिटांत संपायची आणि गावातली पोरंसुद्धा बिनधास्त बोलायची. 2010 च्या भूकंपानंतर हैतीमध्ये अशा बऱ्याच मीटिंगा इंग्रजीत व्हायच्या आणि तिथल्याच संस्था बाहेर राहायच्या, हे वाचलं होतं, म्हणून जास्त जाणवलं. बाकी तुमचंही सगळं परफेक्ट नव्हतं हां, बोटींची यादी रोज उशिराच यायची.

कपडे आम्ही नंतर दुसऱ्या गाडीने परत नेले. ट्रक मात्र तुम्ही पाण्याच्या टाक्या वाहायला ठेवून घेतलात, चांगले नऊ दिवस. डिझेलचं बिल अजून माझ्याकडेच पडलंय, पाठवू का?