तीन पानांच्या वेबसाइटला वर्षाला १४ हजार कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छोट्या संस्थांच्या वेबसाइट बंद पडल्या की सगळीकडे एकच कारण ऐकू येतं, निधी नाही. मला हे आता पटेनासं झालंय म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर मधलं कापा.

आमच्या पेठेत एक छोटं वाचनालय आहे, दीड खोली आणि एक माळा. त्यांची वेबसाइट होती, वेबसाइट म्हणजे काय तर वेळ, वर्गणी, नवीन आलेली पुस्तकं आणि व्याख्यानांचं वेळापत्रक, संपलं. ह्याचे एका माणसाला वर्षाला १४ हजार जायचे. मागच्या वर्षी त्याने फोन उचलायचं बंद केलं, मग साइट बंद, मग कळलं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, पण त्याच्याच नावावर आहे, आणि दोन महिन्यांनी त्या पत्त्यावर रमीची जाहिरात! पावतीपुस्तकावर, लेटरहेडवर, बाहेरच्या पाटीवर तोच पत्ता. ग्रंथपाल काकांनी पाटीवर तेवढ्या जागी पांढरा कागद चिकटवला आणि माझ्याकडे आले, कारण मी आयटीवाला, आणि आयटीवाला म्हटलं की वाड्यात कुणाचा प्रिंटर अडला तरी मलाच हाक.

मी पहिलं विचारलं, काका, साइटवर कुणी लॉगिन करतं का, पैसे भरतं का? नाही. मग ह्याला डेटाबेस, प्लगिन, दर महिन्याचं अपडेट ह्यातलं काहीच लागत नाही, नुसत्या तयार एचटीएमएल फाइली, छापून ठेवलेल्या पत्रकाच्या गठ्ठ्यासारख्या, कुणी मागितलं की एक उचलून द्यायचं. असल्या स्टॅटिक साइट फुकट ठेवायला गिटहब पेजेस २००८ पासून आहे (गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोक आपल्या फाइली ठेवतात ती साइट), नंतर नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस वगैरे पण आले. गिटहबची मर्यादा साइटला १ जीबी आणि ट्रॅफिकला महिन्याला १०० जीबी, आणि वाचनालयाची अख्खी साइट फोटो धरून ४० एमबी भरली नाही. ऑनलाइन दुकान तिथे थाटता येत नाही, पण आपल्याला कुठे थाटायचंय. कुलपाची खूण दिसते ते एचटीटीपीएस पण फुकटात मिळतं. खर्च फक्त डोमेनचा, वर्षाला हजार-बाराशे, आणि तो ह्या वेळी वाचनालयाच्याच नावावर घेतला.

जागा फुकट मिळते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, घोडं अडतं ते पुढे, रोजचे बदल चढवायचे कोणी? पूर्वी मीच एफटीपी, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायचं साधन, उघडून बसायचो आणि मी गावाला गेलो की साइट पण गावाला. आता गिटहब ॲक्शन्स आहे, ठरवून दिलेली कामं आपोआप करणारं, नोव्हेंबर २०१९ मध्ये सगळ्यांना खुलं झालं, उघड्या रिपॉझिटरीला, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या फाइलींच्या फोल्डरला, त्याचे पैसे पडत नाहीत. एक यामल फाइल (सूचना लिहायची एक साधी पद्धत) लिहून ठेवायची, तिच्यात सांगायचं की कुणी काही बदललं की एक मशीन घे, ह्युगो, म्हणजे मजकुरापासून पानं बनवणारा प्रोग्राम, चालव, तयार पानं पेजेसवर टाक. माझं काम तिथे संपलं. काका ब्राउझरमध्येच पेन्सिलवर क्लिक करतात, मजकूर बदलतात, हिरवं बटण दाबतात आणि चष्मा वर करून बघत बसतात. आधी पिवळा ठिपका येतो, मिनिटभरात त्याची हिरवी टिक होते. ती टिक आल्याशिवाय काका चहा पीत नाहीत, खरं सांगतो.

एकदा लाल फुली आली. काकांचा फोन, अहो मी काहीच केलं नाही हो. केलं होतं. शीर्षकात लिहिलं होतं 'व्याख्यानमाला: पुष्प दुसरे', पानाचं शीर्षक पण यामलमध्येच लिहायचं असतं, आणि यामलमध्ये कोलन आणि पुढे स्पेस ह्याला वेगळा अर्थ असतो, शीर्षक अवतरणचिन्हात घातलं नाही तर मशीन तिथेच बसकण मारतं. आता ज्या पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे तिथे शीर्षकात कोलन येणार नाही असं कसं होईल! पण बरं काय, की बिल्ड, म्हणजे पानं बनवायचं काम, फसलं तरी जुनी साइट जशीच्या तशी चालू राहते, नवीन चढत नाही इतकंच, बाहेरच्या कुणाला काही कळलं सुद्धा नाही.

अजून एक, माझ्या लॅपटॉपवर दिसणारे फोटो साइटवर गायब. अर्धा रविवार गेला तेव्हा दिसलं की फाइलच्या नावात शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये. विंडोजला चालतं, तिकडे सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं.

झालेल्या व्याख्यानांची नावं आपोआप निघून जावीत म्हणून रोज रात्री १२ ला साइट नव्याने बनेल असं लावलं, तर ती बनायची पहाटे साडेपाचला, कारण तिकडचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे. तिथे १८:४० लिहिल्यावर आपल्या १२ वाजून १० मिनिटांना चालायला लागलं, तेही कधी थोडं उशिरा. आणि रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर हे वेळेवर चालणारं काम ते बंदच करून टाकतात, हे आम्हाला उन्हाळ्यानंतर कळलं, जुलै उजाडला तरी साइटवर एप्रिलचं व्याख्यान तसंच.

माझी स्वतःची चूक पण लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतं गोड गोड सांगतोय. पैसे न भरता पेजेस वापरायचं तर रिपॉझिटरी सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी लागते. मी घाईत पेनड्राइव्हवरचं अख्खं फोल्डर चढवलं आणि त्यात सभासदांची एक्सेल, फोन नंबरांसकट. डिलीट केली, पण गिट, म्हणजे गिटहबच्या मागची बदलांची नोंद ठेवणारी यंत्रणा, जुनं सगळं आठवणीत ठेवतं, मागे जाऊन कुणीही उघडू शकतं. शेवटी ती रिपॉझिटरीच पुसून नवीन केली आणि काकांना सांगितलं, काकांनी ज्या नजरेने बघितलं ती मी वर्गणी थकवल्यावर पण बघितली नव्हती. त्यामुळे कुणी हे करणार असेल तर आधी फोल्डर उघडून बघा, एकेक फाइल.

लोक म्हणतात फुकटचं उद्या बंद केलं तर? करतील की, कंपनी आहे. पण सगळ्या मूळ फाइली पेनड्राइव्हवर आणि दोन लॅपटॉपवर आहेत आणि डोमेन आपलं आहे, मी मुद्दाम एका दुपारी सगळं क्लाउडफ्लेअरवर हलवून बघितलं, जेवणानंतर बसलो आणि चहाच्या आधी उठलो. १४ हजार घेणाऱ्या माणसाकडून आम्हाला एक फाइल परत मिळाली नव्हती, जुन्या पुस्तकांची यादी काका आणि दोन मुलींनी रजिस्टरवरून परत टाइप केली, सव्वादोन महिने लागले.

म्हणून मला निधी नाही हे कारण चालत नाही. पैसा असताना सुद्धा चाव्या दुसऱ्याच्या खिशात होत्या. आता गिटहबचं खातं वाचनालयाच्या ईमेलवर आहे, माझ्या नाही. ओटीपी काकांच्या फोनवर येतो, आणि फोन हरवला तर लागणारे रिकव्हरी कोड कागदावर छापून लोखंडी कपाटात ठेवलेत, वाचनालयाच्या घटनेच्या प्रतीखाली, कपाटाची एक किल्ली कार्यवाहांकडे आणि दुसरी काकांकडे. पाटीवरचा पांढरा कागद अजून निघालेला नाही, नवीन पत्ता रंगवायला पेंटर दसऱ्यानंतर येतो म्हणालाय.

आपला,
एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे ३०