मंत्रिमहोदय, रोजचा पहिला दीड तास वर्गाचा राहू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : इयत्ता दुसरीच्या वर्गातले पहिल्या तीन महिन्यांचे उपक्रम आणि त्यांना लागणारा सलग वेळ

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, विदर्भात जूनअखेर. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मराठी माध्यमाच्या दुसरीच्या वर्गात काय काय व्हायचे आहे, त्याला कोणते सामान आणि किती वेळ लागतो, आणि ते नेमके कुठे बिघडते, हे आपल्यासमोर ठेवावे म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे आणि ती शीर्षकातच आली आहे. तिच्यामागची कारणे मात्र वर्गाच्या फरशीवर बसल्याशिवाय दिसत नाहीत.

सुरुवात काड्यांपासून करू. दुसरीअखेर मुलाला ९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य आहे. त्याचा पाया दशक-एककाचा, आणि तो काड्यांच्या गठ्ठ्यांवर घातला जातो. चार मुलांच्या गटाला १०० काड्या आणि १२ रबरबँड द्यावे लागतात. दहा गठ्ठ्यांचे दहा, आणि तुटतात म्हणून दोन जास्त. तीस मुलांच्या वर्गाला आठ गट धरले तर ८०० काड्या आणि शंभरेक रबरबँड. गेल्या वर्षीचे रबरबँड उन्हाळ्यात सुकून कडक झालेले असतात, जूनमध्ये ताणले की तुटतात, म्हणून ते दरवर्षी नवे आणावे लागतात. काड्या सारख्या जाडीच्या हव्यात. जाडी कमीजास्त असली की मूल मोजायचे सोडून मुठीच्या अंदाजाने बांधते आणि नऊचा किंवा अकराचा गठ्ठा तयार होतो. असा एक चुकलेला गठ्ठा पुढची सगळी बेरीज बिघडवतो. यावर उपाय सोपा आहे : गटांनी गठ्ठे अदलाबदल करून एकमेकांचे मोजायचे. दुसऱ्याची चूक शोधायची म्हटल्यावर मुले फार काटेकोर होतात.

या कामाला ४५ मिनिटे लागतात. वाटपाला पाच, बांधण्या-सोडण्याला पंचवीस, केलेले वहीत उतरवायला दहा आणि सामान मोजून परत ठेवायला पाच. मध्येच शिक्षकाला दहा मिनिटे उठावे लागले तर कापली जातात ती वहीची दहा मिनिटे, कारण काड्या परत गोळा केल्याशिवाय पुढचा तास सुरूच करता येत नाही. मग हाताने केलेले आणि कागदावर लिहिलेले यांची गाठच पडत नाही. मुलाच्या लेखी काड्या हा एक खेळ आणि ४२ - १७ हे एक वेगळेच संकट.

याच वजाबाकीत सर्वांत जास्त मुले ३५ लिहितात. मोठ्यातून लहान वजा करायचे एवढेच डोक्यात असते, म्हणून सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. फळ्यावर ‘हातचा घ्या’ असे दहा वेळा सांगून ही चूक जात नाही. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवून ‘सात काढ’ म्हटले की मूल अडते. दोनच तर आहेत! या अडण्याला वेळ द्यावा लागतो. मिनिटभराने कुणीतरी एक गठ्ठा सोडतो, बारा सुट्ट्या होतात, सात निघतात, पाच उरतात, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक जातो. पंचवीस. हे वेगवेगळ्या संख्यांवर सलग चार-पाच दिवस झाले तर पक्के होते. दोन दिवस होऊन आठवडाभर खंड पडला तर पहिल्यापासून.

मराठीत आणखी एक अडचण असते. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७२ लिहिते. एकोणतीसचे ३९ होते, कारण कानाला ‘तीस’ लागतो आणि ‘एकोण’ म्हणजे नऊ एवढेच लक्षात राहिलेले असते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ वाचनाच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशीही पद्धत दिली, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. बाजू कुणाचीही घ्या, वर्गात दोन्ही वाचनांना शेवटी काड्यांचाच आधार लागतो. तीन गठ्ठे ठेवायचे, त्यातली एक काडी काढायची, आता किती? एकोणतीस. ही कृती शंभर मण्यांच्या माळेवरही करता येते. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. तिसाव्या मण्यापाशी जाऊन एक मागे यायचे. खेळातल्या नोटा मात्र या टप्प्यावर आणू नयेत. दहाची नोट एकाच्या दहापट मोठी नसते. तिच्या आत दहा एक दिसत नाहीत. पुष्कळ तयार संचांत नोटा वर ठेवलेल्या असतात म्हणून त्याच आधी निघतात.

वाचनाचे थोडक्यात सांगतो. जुलैअखेरपर्यंत मागे राहिलेल्या मुलांचे चार-पाच जणांचे गट करून रोज वीस मिनिटे बसवावे लागते. भ-म, घ-ध, थ-य, ब-व ही सारख्या चेहऱ्याची अक्षरे एकाच आठवड्यात घेतली की दोन्ही कच्ची राहतात. त्यांच्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर लागते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, म्हणून कितीतरी मुले ‘किडा’ वाचताना आधी थबकतात. रफार उलट, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘सूर्य’ आणि ‘चक्र’ यांत र कुठे आहे हे बोटाने दाखवून घ्यावे लागते. मोठ्याने वाचून दाखवायची गोष्ट आठवड्यात एकच असावी, तीन वेळा. पहिल्यांदा न थांबता. दुसऱ्यांदा ‘पुढे काय होईल’ असे फक्त दोन ठिकाणी विचारत. आठ ठिकाणी थांबले तर गोष्ट मरते. तिसऱ्यांदा मुलांकडून संवाद बोलून घेत.

मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणे हे याच अभियानाचे दुसरीचे लक्ष्य सगळ्या भाषांना एकच आहे. मराठीत ‘झाडाखालच्या’ हा एक शब्द. विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळे त्यालाच चिकटलेले. घड्याळ लावून शब्द मोजणारे पथक उतारा कसा निवडते यावर त्या मुलाचा निकाल ठरतो. निदान उताऱ्यातली अक्षरसंख्या तरी ठरवून द्यावी, ही आपल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला जाता जाता विनंती.

आता पावसाकडे वळतो, कारण या तीन महिन्यांतला सर्वांत फळणारा उपक्रम तोच आहे. गुळगुळीत, सरळ अंगाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची. खांदा संपून अंग सरळ होते तिथे कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीचे अंग एकाच रुंदीचे असले तरच आत साठलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. बाहेरून रुंद नरसाळे आणून लावले की पाऊस फुगतो. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो, म्हणून तळाशी खडे भरायचे, त्यावर अंग सरळ होते तिथपर्यंत पाणी ओतायचे आणि तिथे शून्याची रेघ मारायची. खड्यांमुळे बाटली वाऱ्यात पडतही नाही. ती भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवायची, पागोळ्या पडतात तिथे तर नाहीच. रोज ठरलेल्या वेळी, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचायचे आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचे. घाईत बाटली पूर्ण उपडी केली तर दुसऱ्या दिवशीचा पाऊस कमी भरतो. ही चूक सर्रास होते.

दुसरीच्या मुलांना मिलिमीटर कळत नाहीत, आणि ते कळायची गरजही नाही. कागदाची पट्टी बाटलीला टेकवायची, शून्यापासून पाण्यापर्यंत खूण करायची, कापायची आणि तक्त्यावर त्या दिवसाच्या जागी चिकटवायची. आकडा न लिहिताच स्तंभालेख उभा राहतो. महिनाअखेरीस ‘सर्वांत मोठी पट्टी कोणत्या दिवसाची’, ‘या दोन पट्ट्या जोडल्या तर त्या एकीपेक्षा मोठ्या होतील का’ असे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात. मोजमाप, तुलना, बेरीज, दिनदर्शिका सगळे एका तक्त्यात येते. कोकणात एखाद्या दिवशी बाटली भरून वाहील, तेव्हा पट्टीच्या टोकाला बाण काढायचा. मराठवाड्यात कितीतरी जागा रिकाम्या राहतील, आणि तिथेच या उपक्रमातला सर्वांत मोलाचा धडा आहे. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मोजला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला शून्य काढायचे, दुसऱ्याला फुली. रविवारचे पाणी सोमवारी मोजले तर ती पट्टी दोन दिवसांच्या जागेवर आडवा कंस काढून लावायची. शनिवारी सकाळची शाळा असते, पाणी मोजायची वेळ बदलते, तेही तक्त्याखाली लिहून ठेवायचे.

महोदय, शाळा चालू असताना पडलेल्या फुल्या कशाच्या, हे आपल्याला सांगायला नको. शिक्षक तातडीच्या बैठकीला, प्रशिक्षणाला, माहिती भरायला, मतदार यादीच्या कामाला गेलेले ते दिवस. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच कायद्याचे २७वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे सांगते. पण वर्गाचा वेळ खाणारी बहुतेक कामे कागदावर ‘शैक्षणिक’च असतात. सकाळी साडेदहाला शिक्षकांच्या फोनवरच्या गटावर निरोप येतो : अमुक दिनानिमित्त उपक्रम घेऊन बारापर्यंत फोटो आणि लिंक भरावी. मग काड्या गुंडाळल्या जातात, मुलांना ओळीत उभे केले जाते, फलक धरला जातो. बी पेरण्याच्या उपक्रमाचा फोटो तर पेरल्या दिवशीच मागितला जातो. त्या दिवशी मातीशिवाय दाखवण्यासारखे काही नसते. खरी नोंद पाचव्या-सहाव्या दिवशी, अंधारात ठेवलेले रोप पिवळे आणि लांबुडके निघते तेव्हा असते, आणि ती कुणीही मागत नाही.

हे द्विशिक्षकी शाळेत दुप्पट जाचते. कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे चौथीपर्यंतच्या शाळेत एकेकाकडे दोन-दोन वर्ग. दुसरी गठ्ठे बांधत असताना पहिलीला न विचारता करता येईल असे काम दिलेले असते : चित्रकार्डे जुळवणे, मणी ओवणे, पाटीवर गिरवणे. असे काम वीस मिनिटे पुरते, चाळीस नाही. शिक्षक फोनवर माहिती भरायला बसला की दोन्ही वर्ग एकदमच सुटतात.

म्हणून मागणी अशी. परिपाठानंतरचा पहिला दीड तास रोज पहिली ते तिसरीच्या वर्गासाठी राखीव ठेवावा. या वेळात बैठक नाही, ऑनलाइन माहिती नाही, फोन नाही. अधिकाऱ्यांनी याच वेळात भेटीला यावे, आमची हरकत नाही, पण मागे बसून पूर्ण तास पाहावा आणि एका मुलाची वही उघडून चुका कोणत्या प्रकारच्या आहेत ते बघावे. वर्षभरातले सगळे दिन, सप्ताह, पंधरवडे आणि स्पर्धा यांची एकच यादी शाळा उघडण्याआधी मिळावी. यादीत नसलेला उपक्रम त्या वर्षी ऐच्छिक समजावा.

पायाभूत चाचणीच्या उत्तरपत्रिका गुण भरायच्या आधी आठवडाभर वर्गशिक्षकाकडे राहू द्याव्यात. ४२ - १७चे उत्तर ३५ लिहिणारे मूल आणि ५९ लिहिणारे मूल यांना गुण सारखेच शून्य, पण पहिल्याला गठ्ठा सोडायला शिकवायचे आहे आणि दुसऱ्याने वजाबाकीच्या चिन्हाकडे पाहिलेलेच नाही.

सामानाचे पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या खात्यावर यावेत आणि खरेदी शाळेने करावी. वरून येणारे संच उत्तम असतात, पण साठा नोंदवहीत चढले की कपाटात जातात. एक मणी हरवला तरी लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागेल या धास्तीने मुख्याध्यापक कुलूप लावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. काड्या, मणी, रबरबँड, डिंक, कागद हे वापरून संपणारे सामान मानावे, त्याला निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून रीतसर वगळण्याची, कटकट नसावी. यासाठी नवी योजना लागत नाही, एका पानाचे परिपत्रक पुरेल. फक्त ते शाळा उघडण्याआधी निघावे. जुलैत निघाले तर ते वाचून पोच द्यायला पहिलाच तास जाईल.

कळावे,

आपले,
पहिली-दुसरीला शिकवणारे प्राथमिक शिक्षक