दूरे हिता

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. अथेन्समधील माझे काम आणखी तीन वर्षांसाठी वाढवून मिळत होते आणि तुम्हाला न विचारताच मी होकार कळवला. रागावू नका. प्राचीन ग्रीक नात्यांच्या शब्दांचा शोध अर्ध्यावर सोडवत नाही, आणि बाबा, पितृ, भ्रातृ, दुहितृ हे शब्द मांडीवर बसवून तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतले होते.

आई, ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गात आपला दीर हेक्टर याच्या शवापाशी हेलन म्हणते की दीर, नणंद, जाऊ किंवा सासू मला टोचून बोलली, तर तूच त्यांना आवरायचास, सासरे मात्र नेहमी वडिलांसारखे मायाळू होते. त्यातला ‘दाएर’ म्हणजे संस्कृतातला देवर, आपला दीर. ‘एइनातेर’ म्हणजे यातृ, आपली जाऊ. आणि ‘हेक्युरोस’ म्हणजे श्वशुर. त्या ओळी वाचताना मला भाऊकाका गेले तो दिवस आणि ओट्याशी पाठमोरी उभी असलेली तू आठवलीस, आणि पुढे वाचवेना.

भ्रातृचा सख्खा शब्द ‘फ्रातेर’ तेथे कुळसंघातल्या सदस्यापुरता उरला, म्हणून सख्ख्या भावासाठी ‘आदेल्फोस’ रूढ झाला: ‘देल्फ्युस’ म्हणजे गर्भाशय, एका उदरातला तो आदेल्फोस, अगदी आपल्या सहोदरासारखा. असा दादा तुमच्याजवळ आहे, एवढाच मला आधार वाटतो. ‘थुगातेर’ म्हणजे दुहिता, आपली लेक. यास्कांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तींच्या त्या प्राचीन ग्रंथात, तिच्या व्युत्पत्ती दिल्या, ‘दुर्हिता, दूरे हिता, दोग्धेर्वा’. दोहनाशी जोडलेली व्युत्पत्ती आजचे अभ्यासक निःशंकपणे मानत नाहीत, आणि ‘दूर असतानाच हिताची’ हा अर्थ तर मला लहानपणीही आवडला नव्हता. तेव्हा मी रडले होते आणि बाबा, तुम्ही पुस्तक मिटून मला अंगणात नेले होते.

येथे माझे सर्व व्यवस्थित आहे. खोली उबदार आहे, डाळ-तांदूळ मिळतात, तुझे मेतकूट अजून अर्धा डबा शिल्लक आहे. तुम्ही मात्र रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. आईने गुडघ्याची तपासणी याच महिन्यात करून घ्यायची, सबब चालणार नाही. सुट्टीत मी येतेच आहे, तिकीट काढले आहे.

बाबा, तुमच्या निरुक्ताच्या प्रतीत तिसऱ्या अध्यायात तुम्ही समासात पेन्सिलीने काही लिहिले होते, त्या पानाचा फोटो मला हवा आहे. पुस्तक माळ्यावर आहे. स्टुलावर स्वतः चढू नका, दादाला काढू द्या.

तुमची,
छकुली